बिनतारी शहर आणि तारेचा प्रश्न

पुणे बिनतारी जाळ्याने व्यापण्याची योजना महापालिका व इंटेल कंपनी यांनी २००६ साली पुढे आणली होती. संदेश खांबावरून खांबाकडे धाडला की सर्वांना सारखा वेग मिळेल, असा भाबडा समज अशा योजनांभोवती असतो. वस्तुतः एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र ऐकताना बोलू शकत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर वेग निम्मा, तिसऱ्यावर तृतीयांश उरतो. उपाशी राहतो तो टोकाच्या खांबाखालचा विद्यार्थी! नुसती यंत्रे वाढविल्यास प्रत्येकाचा वाटा घटतो, हे पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी २००० सालीच गणिताने दाखविले. तेव्हा यंत्रास दोन वारंवारता द्याव्यात आणि दर दोन-तीन खांबांमागे एक खांब तारेनेच जोडावा. त्यासाठी रस्ते खणावे लागतील. तो खर्च अंदाजपत्रकात आरंभीच दाखविला पाहिजे.