गर्भपिशवी काढण्याची घाई नको

पाळीचे दुखणे आपल्या भगिनी सहसा शेवटी सांगतात. लावणी आटोपू दे, काजूचा हंगाम संपू दे, असे करता करता वर्षे जातात. मग अंगावर इतके जाते की उठवत नाही, आणि कोणीतरी सांगते, "पिशवीच काढून टाका." मुले झाली असतील तर तो एक उपाय आहे. पण ज्या भगिनीला अजून मूल हवे आहे, तिने काय करावे?

गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असते. ते दरमहा वाढते व पाळीत गळून पडते. कधी कधी हे अस्तर पिशवीच्या स्नायूंच्या भिंतीत शिरते. तिथेही ते दरमहा सुजते, पण रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून पिशवी जड व मोठी होते, कळा येतात आणि रक्तस्राव वाढतो. याला डॉक्टर अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. हा कर्करोग नव्हे. काहींना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र दिवस राहण्यास उशीर लागतो किंवा गर्भ पडतो.

गाठ (फायब्रॉइड) निराळी. ती सुरणाच्या कांद्यासारखी अखंड खणून काढता येते. हा आजार बांधात शिरलेल्या हरळीसारखा आहे. मुळे उपटायला जावे तर बांधच ढासळतो. म्हणून शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे.

पूर्वी पिशवी काढून तपासल्यावरच या रोगाची खात्री होई. आता सोनोग्राफीत, आणि गरज पडल्यास एमआरआयमध्ये, तो दिसतो. तपासणीशिवाय कोणी पिशवी काढायला सांगितले तर थांबा. २०१९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. मजुरी बुडू नये म्हणून घेतलेला तो निर्णय पुन्हा फिरवता येत नाही.

पिशवी राखून करायचे उपाय असे:

१. पाळीच्या दिवसांत कळा व रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

२. संप्रेरकांच्या गोळ्या, किंवा पिशवीत बसवायचे संप्रेरक सोडणारे साधन. साध्या तांबीने रक्तस्राव उलट वाढू शकतो. हे उपाय चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत. मूल हवे असेल तेव्हा ते थांबवावे लागतात.

३. पाळी काही महिने बंद ठेवणारी इंजेक्शने. त्यांनी पिशवी आकसते. मात्र अंगातून गरम वाफा येतात व हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून ती थोड्या महिन्यांपुरतीच देतात.

४. रोग एका जागी साचला असेल व औषधांनी भागत नसेल, तर तेवढाच भाग काढण्याची शस्त्रक्रिया. ती अनुभवी हातांनीच व्हावी. नंतर काही महिने दिवस राहू देऊ नयेत. बाळंतपणात पिशवी फाटण्याचा धोका असतो, म्हणून प्रसूती मोठ्या रुग्णालयातच, बहुधा सिझेरियनने करावी लागते.

काही भगिनी संप्रेरकांच्या गोळ्या पाप समजून नाकारतात. पोप सहावे पॉल यांनी १९६८ सालच्या 'ह्युमाने विटे' या पत्रातच स्पष्ट केले आहे, की रोग बरा करण्यासाठी लागणारे औषध घेण्यास हरकत नाही, जरी त्यामुळे काही काळ गर्भ राहणार नाही असे आधीच दिसत असले, तरी. मात्र गर्भ टाळणे हा हेतू नसावा.

रक्त कमी झालेले असेल तर आधी ते भरून काढा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. त्यांच्याबरोबर चहा नको, लिंबू चालेल. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, नाचणी, कुळीथ हे आपल्या परसातलेच आहे. पण नुसत्या आहाराने हा रोग बरा होत नाही.

तासा-दोन तासांत कपडा भिजत असेल, घेरी येत असेल किंवा पाळी चुकल्यानंतर एकाएकी रक्त व कळा सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर वाट पाहू नका. पेडणे-डिचोलीच्या भगिनींनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयासाठी किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसाठी चिठ्ठी घ्यावी. पाळीच्या तारखा वहीत लिहून न्याव्यात, आणि "मला मूल हवे आहे" हे पहिल्यांदाच सांगावे. उपचार त्यावरच ठरतो.

पतीनेही सोबत जावे व आपली तपासणी करून घ्यावी. मूल होत नाही याचा दोष एकट्या बायकोच्या माथी मारू नये. लावणीला चार दिवस दुसरा हात मिळेल. पिशवी एकदा काढली की परत मिळत नाही.