माती राखण्याची मजुरी



कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत जमिनीच्या धुपीवर बोलायला उभा राहतो, हे काहींना विचित्र वाटेल. बोनस, महागाई भत्ता, कामावरून कमी केलेली माणसे, हे आमचे नेहमीचे विषय. मी शेतकी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. सार्वजनिक वाचनालयात जे हाती लागले ते वाचले, एवढेच माझे शिक्षण. पण संघटनेत नाव घालायला येणाऱ्या नव्या माणसाशी बोलू लागलो की तो पुष्कळदा कोरडवाहू गावचा निघतो. ‘घरी जमीन आहे का?’ असे विचारले तर ‘आहे, पण नुसता मुरूम राहिलाय,’ असे उत्तर येते. त्या रानातली माती वाहून गेली आणि तिच्यामागून माणूसही निघाला. कारखान्याच्या दाराशी अशी गर्दी वाढली की आत काम करणाऱ्याची मजुरी घसरते. तेव्हा हा विषय माझाही आहे आणि शहरात राहणाऱ्या आपणां सर्वांचाही आहे.

आधी धूप म्हणजे काय ते पाहू. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की ढेकळे फुटतात. त्यांची बारीक माती जमिनीची छिद्रे बुजवते. मग पाणी आत मुरायचे सोडून वरून गढूळ होऊन धावू लागते. ते सगळ्या शेताचे पातळ साल काढून नेते आणि पुढे जमून ओघळी पाडते. ओघळीची घळ झाली की ती सर्वांना दिसते. साल मात्र गुपचूप जाते, आणि खरे नुकसान तेच असते, कारण पिकाचे अन्न त्या वरच्या थरात असते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जमिनीवर गवत किंवा पालापाचोळा असेल तर थेंबाचा मार त्यावर बसतो आणि पाणी सावकाश मुरते. उतारावर आडवी नांगरट किंवा बांध असेल तर पाण्याचा वेग मोडतो. माती राखण्याच्या साऱ्या विद्येचा गाभा एवढाच आहे.

मग एवढी साधी गोष्ट माणसे करीत का नाहीत? याचे उत्तर शोधायला अमेरिकेचा इतिहास फार उपयोगी पडतो. तिथे काही पिढ्यांतच प्रचंड मुलखाची माती गेली, आणि ती राखण्याची यंत्रणाही लोकांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, रॉकी पर्वतापर्यंत, विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. तिथे मूळच्या इंडियन जमाती राहत आणि गवे चरत. पाऊस थोडा आणि वारा फार. पण गवताच्या मुळांची जाळी दाट असल्यामुळे माती जागची हलत नसे. १८७० नंतरच्या दशकात गव्यांची बेसुमार शिकार झाली. जमातींना त्यांच्या प्रदेशातून हुसकावण्यात आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन मिळू लागली होती. १९०९ साली कोरड्या भागासाठी ही मर्यादा ३२० एकर झाली. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता आणि सरकारने बुशेलला दोन डॉलरांहून अधिक भावाची हमी दिली. ट्रॅक्टर आले, आणि लाखो एकर गवत उलथून गहू पेरला गेला. युद्ध संपल्यावर भाव कोसळला. १९३२ साली बुशेलला सरासरी ३८ सेंट उरले. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच होता, म्हणून तो फेडण्यासाठी शेतकऱ्याने आणखी गवत मोडले. १९३१ पासून पाऊस हटला. गहू उगवला नाही आणि उघडी माती वाऱ्याच्या ताब्यात गेली.

हे सारे होण्याच्या पुष्कळ आधी एक माणूस धोक्याची घंटा वाजवीत होता. ह्यू हॅमंड बेनेट हा १८८१ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अँसन काउंटीत कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मला. १९०३ साली तो सरकारच्या मृदा खात्यात पाहणीच्या नोकरीला लागला. १९०५ मध्ये व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत त्याला शेजारी शेजारी दोन जमिनी दिसल्या. उतार सारखाच होता. पण झाडीखालची माती भुसभुशीत आणि ओलसर होती, आणि वर्षानुवर्षे पिके काढलेल्या शेतात नुसती कडक चिकणमाती उरली होती. वरचा थर सालासालाने निघून गेला होता. उलट त्याच्याच खात्याने १९०९ साली छापले की, माती ही राष्ट्राची कधीही न संपणारी आणि न बिघडणारी ठेव आहे. बेनेट हे मत खोडून काढण्यासाठी वर्षानुवर्षे लिहीत राहिला. १९२८ साली त्याने आणि चॅपलिन नावाच्या कुरणतज्ज्ञाने जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, अशी पुस्तिका काढली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने धुपीच्या अभ्यासासाठी १,६०,००० डॉलर मंजूर केले.

मे १९३४ मध्ये मैदानांतली धूळ दीड हजार मैल उडत न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर आली, आणि अटलांटिकमधल्या जहाजांवरही पडली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला लोक आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. त्या वसंतात बेनेट सेनेटच्या समितीपुढे साक्ष देत होता. पश्चिमेकडून वादळ येते आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याने बोलणे मुद्दाम लांबवले आणि खिडकीबाहेर आकाश काळवंडलेले सभासदांना दाखवले, अशी आख्यायिका सांगतात. ती काही असो, २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला. त्याने शेतकी खात्यात मृदसंधारण सेवा कायम केली आणि बेनेट तिचा पहिला प्रमुख झाला.

आता काम कसे चालले ते पाहू. पहिला मोठा प्रयोग १९३३ सालीच विस्कॉन्सिन राज्यात कून क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात सुरू झाला होता. क्षेत्र सुमारे ९०,००० एकर. टेकड्यांच्या उतारावर उभी नांगरट होई आणि गुरे जंगलात चरत. सरकारने शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार केले. शेतकऱ्याने उताराला आडवे पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात मका घ्यायचा, तर शेजारच्या पट्ट्यात लसूणघासासारखे जमीन झाकणारे पीक. चढाच्या जंगलाला कुंपण घालून गुरे बाहेर ठेवायची. बदल्यात बियाणे, चुना, कुंपणाची तार आणि मजूर सरकारचे. आज तिथल्या ओढ्यात गाळ येतो, पण १९३० च्या दशकाच्या मानाने फारच थोडा.

हे मजूर कोण होते? १९३३ साली मंदीत लाखो तरुण बेकार होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी नागरी संधारण दल काढले. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी त्यात काम केले. पगार महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ घरी पाठवायचे. बांध घालणे, घळी बुजवणे आणि झाडे लावणे हे त्यांचे काम. काळ्या तरुणांच्या छावण्या मात्र वेगळ्या ठेवल्या जात, हेही सांगितले पाहिजे. याच काळात नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत वारा अडवण्यासाठी झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. १९४२ पर्यंत २० कोटींहून अधिक झाडे लागली.

गुरांच्या रानांची गोष्ट निराळी होती. पश्चिमेत रँच म्हणजे हजारो एकरांवर गुरे पाळण्याचा धंदा. त्यांची गुरे पुष्कळदा सरकारी मोकळ्या रानात चरत. ते रान कोणाचेच नसल्यामुळे जो आधी पोहोचेल त्याची गुरे गवत मुळापर्यंत खात. आपल्या गायरानांचे पुष्कळ ठिकाणी जे होते तेच तिथे झाले. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने हे मोकाट चरणे बंद केले. परवाना, ठरावीक गुरे, ठरावीक हंगाम आणि फी अशी पद्धत आली. गवताला पुन्हा वाढायला उसंत मिळावी, हा तिचा हेतू.

पण एकेका शेतकऱ्याशी करार करून भागत नाही. पाण्याला सातबारा कळत नाही. वरच्याने बांध घातला आणि खालच्याने घातला नाही, तर दोघांचेही नुकसान होते. म्हणून १९३७ साली रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्यासह पत्र धाडले. गावकऱ्यांनी मत देऊन आपले मृदसंधारण मंडळ स्थापावे, आपले पंच निवडावे आणि सरकारने तज्ज्ञ पुरवावे, अशी ती योजना होती. ४ ऑगस्ट १९३७ रोजी ब्राउन क्रीक येथे पहिले मंडळ स्थापन झाले. ते बेनेटच्याच अँसन काउंटीत होते, हा चांगला योगायोग. आज देशभर अशी सुमारे ३,००० मंडळे आहेत. संघटना बांधणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष पटते. एकट्या माणसाला पाणी ऐकत नाही आणि मालकही ऐकत नाही.

मात्र या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी माझ्या पेशाशी बेइमान होईन. दक्षिणेत कापसाची शेती बहुतांशी वाटेकरी करीत. वाटा एका सालाचा. पुढच्या वर्षी मालक दुसऱ्याला जमीन देणार असेल, तर पाच वर्षांनी फळ देणारा बांध वाटेकरी कशाला घालील? त्यात १९३३ च्या शेती कायद्याने कापूस कमी पेरण्यासाठी जे पैसे दिले, ते बहुतेक मालकांच्या हाती पडले. पेरा कमी झाल्यावर मालकांनी हजारो वाटेकऱ्यांना घराबाहेर काढले. म्हणून जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळ दक्षिणी कुळांची युनियन निघाली. काळे आणि गोरे तिच्यात एकत्र बसले. त्या मुलखात त्या काळी हे धाडसच होते, आणि त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. पुढे मृदसंधारण मंडळे आली, तेव्हा काही राज्यांनी मताचा अधिकार फक्त जमीनमालकांपुरता ठेवला. म्हणजे जो हात मातीत होता त्यालाच तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क नव्हता.

१९४० पर्यंत सुमारे २५ लाख माणसांनी मैदानी राज्ये सोडली. कित्येक कॅलिफोर्नियाच्या फळबागांत पोहोचली. तिथे काम एकाचे आणि मागणारे दहा, मग मजुरीचे काय होणार? गेलेल्या मातीचा हिशेब असा दूरच्या कामगाराच्या खिशातून वसूल होतो.

एकदा राखलेली माती कायमची राखली गेली, असेही नाही. १९७० नंतरच्या दशकात गव्हाचे आणि मक्याचे भाव चढले, तेव्हा आजोबांनी लावलेल्या झाडांच्या रांगा नातवांनी ठिकठिकाणी तोडल्या. १९८५ साली पुन्हा कायदा करावा लागला. फार धुपणारी जमीन दहा वर्षे गवताखाली ठेवणाऱ्याला भाडे मिळू लागले. संरक्षणाचे उपाय न करता अशी जमीन कसणाऱ्याची सरकारी मदत बंद होऊ लागली. १९८२ ते २००७ या काळात पिकाखालच्या जमिनीची धूप ४० टक्क्यांहून अधिक कमी झाली. उपदेश तर बेनेट तीस वर्षे करीत होताच. त्याला पैसा, कायदा आणि गावाची संघटना यांची जोड मिळाली, तेव्हा हे घडले.

आता आपल्याकडे वळू. हा विचार आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरून वाहून येणारी माती आणि पाणी शेतात जिरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचना आहे. त्या कामाला सरकारने पलटणीतले आणि पोलिसांतले लोक लावावेत, असे त्यांनी म्हटले. म्हणजे अमेरिकेच्या नागरी दलाआधी ५० वर्षे, सरकारी खर्चाने राबणाऱ्या हातांनी माती अडवावी, हा विचार पुण्यात लिहिला गेला होता. १९३० च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीला कायद्याचे बळ मिळाले. अनुभवाने एक धडा शिकवला. खोल काळ्या जमिनीत आडवे बांध घातले तर पाणी तुंबते आणि बांध फुटतो. तिथे बांधाला थोडा ढाळ देऊन जास्तीचे पाणी वाट काढून द्यावे लागते.

पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर आले. खडी फोडण्याबरोबर त्यांनी बांधही घातले आणि पाझर तलावही खणले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आखलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. काम मागण्याचा हक्क आणि माती अडवण्याचे काम एकाच ठिकाणी आले, हे महाराष्ट्राचे देणे मला मोठे वाटते. टोपली वाहणाऱ्या त्या बायांची नावे कोणत्याही बांधावर कोरलेली नाहीत.

एवढ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. बांध घालणाऱ्याला पुरी मजुरी मिळाली पाहिजे, कारण माती राखणे हे कष्टाचे काम आहे. जमीन कसणाऱ्याला ती उद्याही आपल्याकडे राहील याची खात्री हवी. सालभराच्या वाट्यावर कोणी पुढच्या पिढीसाठी राबत नाही. आणि खर्चाचा वाटा शहरानेही उचलला पाहिजे. ज्या धरणाचे पाणी आपल्या नळाला येते, त्यात वरच्या रानांतली माती गाळ होऊन बसते. बाजारात ज्वारी स्वस्त मिळाली की आपण खूश होतो, पण त्या भावात बांधाच्या दुरुस्तीचा पैसा धरलेला आहे का, हे विचारीत नाही. पाणलोटाच्या कामाला सरकारी पैसा लागतो तेव्हा ‘आमच्या करांतून कशाला?’ असा प्रश्न शहरातूनच निघतो. तो यापुढे निघू नये, आणि आपल्या आमदाराला या कामाचा हिशेब विचारणारी माणसे शहरातही असावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.