पटावरची नोंद आणि पटाबाहेरचे समज

रविवारी सकाळी बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या शाळेत लहान मुलामुलींच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा भरतात, तेव्हा तेथील जिन्याखाली सतरंज्या पसरून बसलेल्या पालकांच्या मेळ्यात जो कोणी एखादा तास काढील, त्याच्या कानांवर एक वाक्य बहुधा पडल्यावाचून राहणार नाही. फेरी संपवून, खाली मान घालून बाहेर आलेल्या मुलाच्या हाती पाण्याची बाटली देण्याच्याही आधी त्याचे वडील विचारतात, “अरे, मुलीकडून हरलास?” विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, हे मी मान्य करतो, परंतु त्या प्रश्नाने मुलाला हार ही बेअब्रू वाटू लागते, आणि त्याच्या मागोमाग बाहेर आलेल्या, नुकताच डाव जिंकलेल्या मुलीला आपला जय हा दुसऱ्याचा अपमान आहे असे प्रथमच कळते. ती नऊ वर्षांची असते.

या प्रश्नाच्या बुडाशी जे समज आहेत ते इतके जुने आणि इतके प्रतिष्ठित आहेत, की त्यांना समज न म्हणता पुष्कळजण निसर्गाचा नियम म्हणतात. इतर क्षेत्रांत अशा मतांचा निवाडा करणे दुर्घट असते. कारण तेथे साक्षीदार फितूर होतात, आठवणी पुसट होतात आणि परीक्षकांची मर्जी फिरते. बुद्धिबळाचे तसे नाही. येथे प्रत्येक चाल कागदावर उतरते, डाव संपताच निकालाखाली दोन्ही खेळाडूंच्या सह्या होतात, आणि वादी-प्रतिवादींनी मिळून कबूल केलेला असा दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या दप्तरात क्वचितच सापडेल. म्हणून माझे म्हणणे इतकेच, की बुद्धिबळातील स्त्रियांविषयी मत बनवणाराने आधी हे दप्तर उघडावे. कारण त्यांची अवहेलना करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उघडलेले नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिला गैरसमज असा, की स्त्रियांच्या स्पर्धा प्रारंभापासून वेगळ्याच होत्या आणि पुरुषांसमोर बसण्याची त्यांनी कधी हिंमतच केली नाही. आपल्या देशात राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा 1955 साली सुरू झाली. स्त्रियांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. ती पहिली स्पर्धा जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या पणत्या आणि ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी भगिनींनी पुढे त्या अजिंक्यपदावर अशी काही मालकी सांगितली, की पहिल्या दशकात ते त्यांच्या घराबाहेर गेले नाही. जयश्री या 1979 मध्ये महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

परंतु येथे विशेष थांबावयाचे ते रोहिणी यांच्यापाशी. 1976 साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. त्या काळी मुलगी कोणत्या शाळेत जाते यापेक्षा सायंकाळी किती वाजता घरी येते याची चौकशी अधिक होत असे. अशा दिवसांत एका परकऱ्या पोरीने दाढीमिशांच्या खेळाडूंसमोर पट मांडावा, आणि मांडून त्यांतल्या नामांकित राज्यविजेत्यांना मात द्यावी, ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. तिच्या प्रवेशासच हरकत घेण्यात आली. गलका इतका झाला, की अखेर उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. तेथे निकाल तिच्या बाजूने लागला, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स यूवे यांनी असा निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत केवळ स्त्री म्हणून कोणासही मज्जाव करता येणार नाही. तेव्हा हिंमत नव्हती हे खरे नव्हे. हिंमत होती, दार बंद होते, आणि ते उघडण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली.

डॉ. यूवे यांच्या या निर्णयामागे एक जुनी आठवण असावी असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि ते केवळ माझे अनुमान आहे. 1929 साली कार्ल्सबाड येथील स्पर्धेत व्हेरा मेंचिक ही स्त्री खेळणार असे कळताच व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकर यांनी थट्टेने सुचवले, की जो कोणी तिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घ्यावे. त्या क्लबाचे पहिले सभासद स्वतः बेकरच झाले. पुढे त्या यादीत जी नावे चढली त्यांत हेस्टिंग्जच्या स्पर्धांत तिच्याकडून दोनदा पराभूत झालेले मॅक्स यूवेही होते. तेच यूवे 1935 मध्ये जगज्जेते झाले. ज्याने स्वतःच्या पराभवाखाली सही केली होती, त्याला पंचेचाळीस वर्षांनी मुंबईच्या एका मुलीची कैफियत समजण्यास अडचण पडली नाही.

रोहिणी यांचे पुढचे यश सांगावयाचे तर, 1981 मध्ये हैदराबाद येथील आशियाई महिला स्पर्धेत त्यांनी एकही डाव न गमावता बारांपैकी साडेअकरा गुण मिळवले, आणि 1983 मध्ये क्वालालंपूरला ते अजिंक्यपद पुन्हा जिंकले.

दुसरा समज यापेक्षा घातक, कारण तो शास्त्राचा वेष धारण करून येतो: स्त्रीची बुद्धीच या खेळास अनुकूल नाही. बॉबी फिशरने तरुणपणी दर्पोक्ती केली होती, की स्वतःचा एक घोडा कमी ठेवूनही आपण जगातील कोणत्याही स्त्रीला हरवू. 2015 साली इंग्लंडचे ग्रँडमास्टर नायजेल शॉर्ट यांनी लिहिले, की स्त्री-पुरुषांच्या मेंदूंची घडणच निराळी असते आणि ते निमूटपणे मान्य करावे. आता दप्तर उघडू. हंगेरीच्या युडिट पोल्गार यांनी 1991 मध्ये, पंधरा वर्षे चार महिने वय असताना, ग्रँडमास्टर होऊन फिशरचाच विक्रम मोडला. 2002 मध्ये मॉस्को येथे जलद डावात गॅरी कास्पारोव्हला हरवले. 2735 इतके मानांकन मिळवून जगातील पहिल्या दहांत आठवे स्थान गाठले. आणि खुद्द शॉर्ट यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ डावांचा हिशेब असा, की आठ पोल्गारांनी जिंकले, तीन शॉर्टनी.

युडिटची थोरली बहीण सुझान हिची कहाणी अधिक कडवट आहे. 1986 मध्ये पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता-साखळीत खेळण्यास ती पात्र ठरली असता, स्पर्धेच्या नावात ‘पुरुषांची’ हा शब्द आहे या सबबीवर तिला वगळले गेले, आणि हे घडले ते यूवे यांच्या निर्णयानंतर! त्याच सुमारास फिडेने एक विलक्षण हुकूम काढला: जगातील सर्व स्त्री खेळाडूंच्या मानांकनात शंभर गुण वाढवावेत, फक्त सुझान पोल्गार वगळून. कारण दिले ते असे, की इतर स्त्रिया आपसांतच खेळत असल्याने त्यांचे गुण कमी मोजले गेले, आणि सुझानचे मात्र पुरुषांशी खेळून कमावलेले आहेत. तर्क वरवर सुसंगत दिसतो. त्याचे फळ मात्र इतकेच निघाले, की आघाडीवर असलेली मुलगी एका रात्रीत मागे पडली. पुरुषांशी खेळली नाही तर स्त्रीला कमी लेखावे आणि खेळली तर तिचे गुण जागच्या जागी ठेवावेत, या न्यायापुढे कोणती बुद्धी टिकावी?

तरीही चिकित्सक वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की मग पहिल्या शंभरांत स्त्रिया इतक्या विरळा का? याचे उत्तर प्रथम गणितात शोधावे. एका घागरीत सोळाशे चिठ्ठ्या आणि दुसरीत शंभर, दोहोंत अंक सारख्याच रीतीने विखुरलेले. तर सर्वांत मोठा अंक बहुधा पहिल्या घागरीतून निघेल, आणि त्यावरून दुसरीच्या चिठ्ठ्या हिणकस होत्या असे कोणी म्हणणार नाही. जर्मनीतील खेळाडूंच्या नोंदी घेऊन काही अभ्यासकांनी 2009 मध्ये हाच हिशेब मांडला. तेथे पुरुष व स्त्रिया यांचे प्रमाण साधारण सोळास एक होते. आणि दोन्हीकडच्या अव्वल शंभर खेळाडूंतील अंतरापैकी सुमारे 96 टक्के अंतर या संख्येच्या विषमतेनेच उलगडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या पद्धतीवर इतर पंडितांनी आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद मिटलेला नाही; परंतु उच्चासनावरून निसर्गाचा दाखला देणाऱ्याने आधी या गणिताला उत्तर द्यावे, एवढे तरी त्याने सिद्ध झाले आहे.

आणि जेथे मुलींच्या हाती पट दिला गेला तेथे काय झाले, हेही पाहावे. जॉर्जिया हा चिमुकला देश. तेथील नोना गाप्रिंदाश्विली आणि तिच्यामागून माया चिबुर्दानिद्झे, या दोघींनी मिळून महिलांचे जगज्जेतेपद 1962 पासून 1991 पर्यंत, एकोणतीस वर्षे, हातचे जाऊ दिले नाही. आपल्याकडे सांगलीच्या बुद्धिबळपरंपरेतून भाग्यश्री साठे, ज्या पुढे ठिपसे झाल्या, आणि स्वाती घाटे पुढे आल्या. मुंबईच्या अनुपमा अभ्यंकर, नंतरच्या गोखले, यांना सोळाव्या वर्षी पद्मश्री मिळाली. सांगलीच्या पाण्यात किंवा जॉर्जियाच्या वाऱ्यात निराळे काही नसावे. तेथे मुलीला बसायला खुर्ची होती, आणि समोर बसणाराने ती मुकाट्याने मान्य केली होती.

स्त्रिया दबून, बचावाचा खेळ खेळतात, हाही एक प्रवाद आहे; युडिट पोल्गारचे चार डाव मांडून पाहिले की त्याचा निकाल लागतो. अधिक गंभीर आहे तो प्रवादाचा स्वतःचाच परिणाम. 2008 मध्ये इटालियन मानसशास्त्रज्ञांनी समबळ अशा बेचाळीस स्त्री-पुरुष जोड्यांना इंटरनेटवरून डाव खेळावयास लावले. समोर स्त्री आहे असे सांगितले, तेव्हा स्त्रिया प्रत्यक्षात पुरुषाशीच खेळत असूनही बरोबरीने खेळल्या. समोर पुरुष आहे असे सांगून ‘पुरुष यात सरस असतात’ याची आठवण दिली, तेव्हा त्यांचा खेळ निम्म्यावर आला. याच्या उलट, प्रत्यक्ष स्पर्धांतील लक्षावधी डाव तपासणाऱ्या 2018 च्या एका अभ्यासात स्त्रिया पुरुषांविरुद्ध अपेक्षेहून किंचित सरसच खेळल्याचे आढळले. दोन्ही खरे असू शकते. स्पर्धांच्या मैदानात जी टिकून राहिली ती टोमण्यांना सरावलेली असते. जी टिकली नाही, तिचा डाव कोणत्याच अभ्यासात मोजला जात नाही.

महिला ग्रँडमास्टर आणि ग्रँडमास्टर या दोन किताबांविषयीही घोटाळा फार आहे. ‘पुरुषांचा’ असा किताब अस्तित्वातच नाही. ग्रँडमास्टर हा सर्वांना खुला असून त्यास 2500 मानांकन लागते, महिला ग्रँडमास्टरला 2300. आणि एकच स्त्री दोन्ही मिळवू शकते. स्वतंत्र किताब व स्पर्धा यांनी स्त्रियांचा कमीपणा सिद्ध होतो की त्यांना उपजीविकेपुरता आधार मिळतो, यावर स्वतः खेळाडूंतच दुमत आहे. मला दुसरी बाजू पटते. कारण 2023 साली खुल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचे इनाम वीस लाख युरो आणि महिलांच्या लढतीचे पाच लाख युरो असताना, तो लहानसा आधारही काढून घेणे हे तत्त्वाच्या नावाखाली केलेले अन्यायाचे कृत्य ठरेल.

हे सारे जुन्या काळचे, आता परिस्थिती पालटली, असे समाधान मानणाऱ्यांनी जानेवारी 2024 आठवावा. नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे खेळून परतलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षकांचे लक्ष तिच्या खेळापेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवरच होते, आणि पुरुष खेळाडूंविषयी मात्र केवळ त्यांच्या चालींची चर्चा होते. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला ‘जरा सोसायला शीक’ असा उपदेश करणारे कमी नव्हते. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिने संघाचे व स्वतःच्या पटाचे सुवर्णपदक मिळवले. आणि 28 जुलै 2025 रोजी, बातुमी येथे, त्याच जॉर्जियात, कोनेरू हंपीला जलद डावांच्या निर्णायक फेरीत हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय स्त्री. तिच्या केसांविषयी बोलणाऱ्यांपैकी कोणी तिच्या अंतिम डावाची नोंद वाचली असेल काय, याची मला शंका आहे.

आता पुन्हा उपनगरात येऊ; कारण घागरीत चिठ्ठ्या कमी का पडतात याचे कारण मेंदूत शोधण्यापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात शोधणे अधिक फलदायी होईल. मुलुंडच्या मुलीला बोरिवलीच्या स्पर्धेला जावयाचे तर मध्य रेल्वेने दादरला उतरून, पूल ओलांडून, पश्चिमेची गाडी धरावी लागते. मुलगा चौदाचा झाला की मित्राबरोबर जातो. मुलीबरोबर आई किंवा वडील हवेत, त्यांचा रविवार हवा, आणि आठवी-नववीत क्लासची वेळ आडवी आली की घरात सर्वांत आधी मुलीचाच पट गुंडाळला जातो. शेवटची फेरी लांबते, प्रमुख पाहुणे उशिरा येतात, बक्षीस समारंभ अंधार पडल्यावर सुरू होतो. आणि ध्वनिक्षेपकावरून ‘उत्कृष्ट मुलगी’ म्हणून तिच्या नावाचा पुकारा होतो, तेव्हा ती वडिलांचे बोट धरून दादरच्या पुलावर गर्दीतून वाट काढत असते.