घरचा संगणक आणि मराठी अक्षर

नांदुऱ्यात व तालुक्यातील खेड्यांतून राहणाऱ्या अनेक शिक्षकबंधूंच्या व भगिनींच्या घरी आज संगणक आहे. कोणी तो हप्त्याने घेतला, तर कोणी जुनाच विकत आणला. एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षाही आपल्यापैकी बहुतेकांनी दिलेली आहे. तथापि या यंत्राच्या पोटात चालते तरी काय, हा प्रश्न परीक्षा उत्तीर्ण होऊनही मनात राहतोच. आणि वर्गातील चौकस मूल नेमका तोच प्रश्न विचारते. प्रस्तुत लेखात त्यापैकी एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे, संगणकाला मराठी अक्षर कसे कळते?

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. काही वर्षांपूर्वी रात्रीची जेवणे आटोपली की मी घरच्या संगणकावर इयत्ता चौथीचे स्वाध्याय, प्रश्नपत्रिका आणि गावातील दोन वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवीत असे. पुढे तो संगणक बिघडला. जपून ठेवलेल्या फाईली दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तो पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही. नुसता इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खच! सारे श्रम वाया गेले असेच मला वाटले.

दिवाळीच्या सुटीत माझा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो अभियांत्रिकी महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकत होता. पडदा पाहून तो म्हणाला, “गुरुजी, तुमचा मजकूर गेलेला नाही. तुम्ही मराठी लिहिलेच नव्हते. इंग्रजी अक्षरांना मराठी वेष चढविला होता. तो वेष आता उतरला, एवढेच.”

त्याच्या या बोलण्याचा अर्थ समजण्यासाठी थोडे मुळाकडे जावे लागेल. संगणक अक्षरे साठवीत नाही. तो केवळ अंक साठवितो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो, आणि तो क्रमांक सर्वांनी मान्य करावा लागतो. इंग्रजी अक्षरांचे असे क्रमांक १९६३ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून ठरविण्यात आले. जुन्या मराठी फॉन्टांनी त्याच क्रमांकांवर आपल्या अक्षरांची चित्रे बसविली. उदाहरणार्थ, अशा काही फॉन्टांत इंग्रजी ‘डी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ दिसतो. आत मात्र १०० हा लहान लिपीतील ‘डी’चाच क्रमांक साठविलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर साहजिकच पुन्हा ‘डी’ दिसतो.

युनिकोड या जागतिक पद्धतीने ही अडचण दूर केली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांकांचे स्वतंत्र घर आहे. ‘क’ म्हणजे २३२५, ‘ख’ म्हणजे २३२६, ‘ग’ म्हणजे २३२७. वर्णमालेचा क्रम येथे पाळलेला आहे. काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही आपापले क्रमांक आहेत. ‘नांदुरा’ हा शब्द संगणकात २३४४, २३६६, २३०६, २३४२, २३६९, २३५२, २३६६ असा उतरतो. न, काना, अनुस्वार, द, उकार, र, काना : शुद्धलेखनाच्या तासाला आपण फोड करून सांगतो तशीच ही फोड आहे.

हा पाठ वर्गात शिकविण्यास संगणकाचीही गरज नाही. बारा मुलांना एका रांगेत बसवावे. प्रत्येकाच्या पाटीवर डावीकडून अनुक्रमे २०४८, १०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ हे अंक लिहावेत. उभे राहिलेले मूल मोजावयाचे, बसलेले मोजावयाचे नाही. आता २०४८, २५६, १६, ४ व १ ही पाच मुले उभी राहिली की बेरीज २३२५ होते. म्हणजे मुलांनी ‘क’ लिहिला. १ चे मूल बसले आणि २ चे उभे राहिले की झाला ‘ख’! संगणकात उभ्या-बसल्या मुलांच्या जागी विजेच्या दोनच अवस्था असतात. दुपटीचा पाढा, बेरीज व वर्णमाला या तिन्हींची उजळणी या एका खेळात होते.

घरी लेखन करताना इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ज्या कळीवर ‘क’, तिच्यावरच शिफ्टसह ‘ख’. ज्या कळीवर ‘त’, तिच्यावरच ‘थ’. जोडाक्षरासाठी मध्ये पायमोडीची कळ दाबावी लागते : क, पायमोड, ष, म्हणजे ‘क्ष’. रोज अर्धा तास सराव केल्यास महिना-दोन महिन्यांत हात बसतो. प्रारंभी कंटाळा येतो, हे खरे. परंतु बाराखडी गिरविताना आपल्या विद्यार्थ्यांनाही तो येतच असतो.

याखेरीज दोन पथ्ये पाळावीत. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी मजकूर जतन करण्याची सवय लावावी. महत्त्वाच्या फाईलीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी अवश्य ठेवावी. जुन्या फॉन्टांतील मजकूर घरी पडून असेल, तर फॉन्टचे नाव आठवते आहे तोवरच तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळाशी ताडून पाहावा.

संगणक हा शहरातील इंग्रजी जाणणाऱ्यांचाच, असा न्यूनगंड आपल्या मुलांत आढळतो. त्यांना दूरचे उदाहरण देण्याचे कारण नाही. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे कार्य १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने केले. याच संस्थेत १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मले. नांदुऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पुढे मूर्तिजापूर लागते. मुरंबा त्याच तालुक्यातले.

पुढील शिक्षणाचे मार्गही पालकांना सांगावेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात पदविका आहे. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो. अभियांत्रिकीसाठी शेगावचे महाविद्यालय तर घराजवळचेच. मात्र त्या वाटेवर उपयोगी पडणारी तर्काची व नेटकेपणाची सवय प्राथमिक शाळेतच लागते, हे विसरता कामा नये.

माझ्या ओव्यांचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. त्या विद्यार्थ्याने चार दिवस खपून बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. परंतु मी दोन निरनिराळे फॉन्ट मिसळून वापरले होते. त्यामुळे कित्येक ठिकाणी जोडाक्षरे मोडली आणि काही शब्द ओळखू येईनात. एकदा पुन्हा विचारून घ्यावेत, तर ओव्या सांगणाऱ्या दोघीही तोवर निवर्तल्या होत्या. त्या जागा मी कोऱ्या ठेवल्या आहेत. आपल्या गावातील वृद्धांच्या तोंडी असे पुष्कळ धन अद्याप आहे. ते उतरवून घ्यावयाचे ते दुसऱ्या संगणकावरही वाचता येईल अशाच रीतीने घ्यावे, एवढीच शिक्षकबंधू-भगिनींना विनंती.