उजव्या क्लिकची यादी, आपल्या सोयीची

मंडळी, फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते, ती सगळी मायक्रोसॉफ्टने लिहिलेली नसते. विंडोज 95 पासून ही यादी घरोघरी पोचली आणि नवं सॉफ्टवेअर बसवलं की ते तिच्यात आपली एक ओळ घुसवू लागलं. झिप करणारं, अँटिव्हायरस, फोटोवालं, सगळेच. पंगतीत आगंतुक वाढत जावेत तसं. काही ओळी दाखवण्याआधी त्या त्या सॉफ्टवेअरचा तुकडा चालवावा लागतो, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर यादी रेंगाळते. न लागणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं की बहुतेक वेळा त्याची ओळही जाते. आधी तेवढंच करा.

आता आपली ओळ घालायची. कोयनानगरात बोलतोय, तर इथलंच उदाहरण घेऊ. धरणात जमिनी गेलेल्या घरांत साठ-साठ वर्षांचे कागद आहेत: सातबारा, नोटिसा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. ते स्कॅन केले, पण कुणी डेस्कटॉपवर ठेवले, कुणी डाउनलोडमध्ये. अर्जाच्या दिवशी सापडत नाहीत.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत शेल, कोलन, सेंडटू असं सलग टाइप करून एंटर द्या. एक फोल्डर उघडेल. त्यात 'जमिनीचे कागद' या तुमच्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवा. मूळ फोल्डर नाही, शॉर्टकटच. पुढे कुठल्याही स्कॅनवर उजवं क्लिक, 'सेंड टू', आणि तुमचं नाव हजर. विंडोज 11 मध्ये त्याआधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. शिफ्ट धरून उजवं क्लिक केलं तर थेट जुनी यादी येते.

एक मेख मात्र आहे. तो फोल्डर त्याच ड्राइव्हवर असेल तर फाइल तिथे हलते, प्रत होत नाही. पेन ड्राइव्हवर पाठवली तर प्रत होते. एकुलत्या एक दाखल्याच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो. त्याच ड्राइव्हवर प्रत हवी असेल तर कंट्रोल धरून नाव निवडा, आणि मूळ फाइल जागेवर आहे ना ते बघा.

रजिस्ट्रीत जाऊन ओळी पुसायच्या युक्त्या तुम्ही पाहिल्या असतील. आम्ही सहसा पुसत नाही. त्या ओळीची की 'शेल' नावाच्या कीखाली असेल, तर तिच्यात इंग्रजीत 'एक्स्टेंडेड' नावाची रिकामी स्ट्रिंग घालतो. मग ती ओळ शिफ्ट धरल्यावरच दिसते. स्ट्रिंग काढली की परत येते. तरीही हात लावण्याआधी त्या कीवर उजवं क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा आणि ती फाइल जपून ठेवा. बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक करून पूर्वीच्या नोंदी परत आणता येतात, कॉम्प्युटर उचलून पाटणला किंवा कराडला न्यावा लागत नाही.