तळची ओळ आणि वरच्या ओळी

ट्रेडमिल चाचणीच्या अहवालात सर्वांत खाली निष्कर्षाची एक ओळ असते आणि वाचणाऱ्याची नजर प्रथम तिच्यावरच पडते. माझ्या अहवालात तेथे ‘पॉझिटिव्ह’ असे होते. (कोविडनंतर या शब्दाचा अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागत नाही!) हृदयरोगतज्ज्ञांची भेट नऊ दिवसांनी ठरली होती. गोकुळ रोडवर लहानग्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्यात माझी हयात गेली. प्रौढांची ही चाचणी आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणून ते नऊ दिवस मी अहवालाच्या वरच्या ओळी वाचण्यात घालविले.

सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. गंमत अशी, की त्यांचा १९६३ चा गाजलेला लेख ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगांच्या नियतकालिकाच्या पुरवणीत छापला गेला होता. मी साडेआठ मिनिटे चाललो. छातीत दुखले नाही, रक्तदाब अपेक्षेप्रमाणे वाढला, नाडी १४८ पर्यंत गेली. वयाच्या ५६ व्या वर्षी २२० वजा ५६ म्हणजे १६४, त्याचे ८५ टक्के सुमारे १३९. म्हणजे श्रम पुरेसे झाले होते. आलेखातील एसटी रेषा मात्र दीड मिलिमीटर खाली गेली होती आणि तळच्या ओळीला तेवढे पुरे झाले.

ड्यूक विद्यापीठाचे १९८७ चे सूत्र या गोष्टी एकत्र तोलते. चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिलिमीटरांची पाचपट वजा करावयाची. छातीत दुखले असल्यास आणखी चार, दुखण्यामुळे थांबावे लागल्यास आठ. अधिक पाच वा त्याहून जास्त गुण म्हणजे धोका कमी. उणे अकरा वा त्याखाली म्हणजे जास्त. माझे गुण अधिक एक, म्हणजे मधला गट. निश्चिंत होण्याजोगे नव्हे, आणि मृत्युपत्र करावयास धावण्याजोगेही नव्हे.

चाचणीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. ढोबळमानाने ती शंभर रोग्यांपैकी ६८ जणांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी २३ जणांवर उगाच शिक्का मारते. ज्या शंभर जणांत दहाच रोगी आहेत, तेथे सुमारे २८ अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतील आणि त्यांतले सातच खरे असतील. ऑक्टोबर २०२१ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या निधनानंतर कर्नाटकातील हृदयरुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या, तेव्हा मला हेच गणित आठवत होते. उलट, ‘निगेटिव्ह’ अहवालही अभयपत्र नव्हे. रक्तवाहिनीतील लहानसा, अडथळा न करणारा थरही फुटू शकतो.

प्रतीक्षेच्या काळात मी चढाचे, भरभर चालणे थांबविले आणि कोणतेही औषध स्वतःहून सुरू वा बंद केले नाही. विश्रांतीतही छाती दुखणे, दम लागणे, घाम फुटणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठावयाचा, हे घरात सर्वांना सांगून ठेवले.

भेटीला जाताना केवळ सारांशाचे पान नेऊ नये. कॉम्प्युटरने सरासरी काढलेली रेषा कधी कधी फसविते. म्हणून तज्ज्ञांनी माझ्या मूळ पट्ट्या मागितल्या, विश्रांतीच्या मिनिटांतले ठोके तपासले आणि मगच सीटी अँजिओग्राफीची चिठ्ठी लिहिली.