शाळेच्या बसचे वेगळे गणित

चेन्नईतील वेस्ट मांबलम ही जुनी, दाट वस्ती. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला टी. नगरची प्रसिद्ध बाजारपेठ आणि पश्चिमेला मांबलमच्या अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना जोडणारे दुरैसामी आणि अरंगनाथन भुयारी मार्ग मोठ्या पावसात पाण्याने भरतात. शाळेच्या वेळेला या गल्ल्यांच्या तोंडाशी पिवळ्या बस इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात. रांगेतल्या मुलांच्या नाकाची उंची आणि बसच्या धुराड्याची उंची यांत फारसे अंतर नसते. देशातील विजेच्या बसची चर्चा या गल्लीपर्यंत अजून पोहोचलेली नाही, आणि ती का पोहोचली नाही याचे उत्तर तंत्रज्ञानात नव्हे, धोरणाच्या आखणीत आहे.

चेन्नईत विजेच्या बस नाहीत असे नाही. ३० जून २०२५ रोजी महानगर परिवहन महामंडळाच्या १२० विद्युत बस व्यासरपाडी आगारातून धावू लागल्या. त्या बारा मीटर लांबीच्या, मोठ्या रस्त्यांसाठीच्या बस आहेत. मांबलमच्या गल्लीत अशी बस वळणारही नाही. शाळेला लागते सात ते नऊ मीटरची, मजबूत आणि साधी बस. अशी वाहने थोड्या संख्येने, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बांधणे हे लहान उत्पादकाचे काम आहे. तमिळनाडूत त्याची परंपराही आहे. मोठ्या कंपनीची चासी घेऊन तीवर बसचा सांगाडा चढवणाऱ्या करूरच्या कारखान्यांचा लौकिक राज्याबाहेर पसरलेला आहे.

पण विद्युत बसने या परंपरेचा पायाच हलवला आहे. बॅटरी, मोटार आणि सांगाडा यांची रचना एकत्रच करावी लागते, त्यामुळे चासी एकाची आणि सांगाडा दुसऱ्याचा ही जुनी वाटणी टिकणे अवघड होते. प्रत्येक नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेचे चाचणी-प्रमाणपत्र हवे. त्यासाठी पुण्यात एआरएआय आहे, चेन्नईजवळ ओरगडम येथे चाचणी केंद्र आहे. ही कडक तपासणी योग्यच आहे. भुयारी मार्गात पाणी साचणाऱ्या शहरात बॅटरीच्या सुरक्षिततेबाबत सवलत मागणे हा वेडेपणा ठरेल. मात्र चाचणीचा खर्च पाच हजार बस विकणाऱ्यास आणि पन्नास बस विकणाऱ्यास जवळपास सारखाच पडतो. पहिल्याला तो जाणवत नाही. दुसऱ्याला तो बुडवू शकतो.

आता गिऱ्हाइकाकडे पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बससाठीचे अनुदान सार्वजनिक परिवहन संस्थांसाठी होते. ऑगस्ट २०२३ मधील ‘पीएम ई-बस सेवा’ दहा हजार शहरी बससाठी आहे. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये १४,०२८ बससाठी ४,३९१ कोटी रुपयांची तरतूद झाली, तीही सार्वजनिक परिवहनासाठी. निविदा शेकडो बसच्या निघतात आणि पैसे किलोमीटरमागे मिळतात. शहर बससाठी ही पद्धत योग्य ठरली, पण तिच्या चौकटीत शाळा ग्राहक म्हणून दिसत नाही आणि लहान कारखानदार पुरवठादार म्हणून उभा राहू शकत नाही.

याच्या मुळाशी एक साधे गणित आहे. तांत्रिकदृष्ट्या शाळेची बस ही विजेसाठी आदर्श. मार्ग ठरलेला, अंतर थोडे, वेग मर्यादित आणि दुपारभर बस आवारात उभी. म्हणजे चार्जिंगला वेळच वेळ. परंतु शिक्षणहक्क कायद्यानुसार वर्षात शाळेचे किमान दिवस पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० आहेत. बस रोज साठ किलोमीटर धावली असे धरले, तर २२० दिवसांत वर्षाचे १३,२०० किलोमीटर होतात. रोज दोनशे किलोमीटर धावणारी शहर बस वर्षाला त्याच्या पाचपट अंतर सहज कापते. विद्युत बस घेताना महाग पडते आणि धावताना स्वस्त. जी बस कमी धावते, तिची डिझेलची बचत किंमत भरून काढायला पुरत नाही. जो गुण अभियंत्याला आवडतो, तोच हिशेबनिसाला खुपतो.

मग शाळेने हा खर्च का सोसावा? कारण शाळेची बस केवळ हिशेबाचे वाहन नाही, हे देशाने यापूर्वीच मान्य केले आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शालेय बससाठी वेगमर्यादेसह सुरक्षेच्या अटी घातल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतंत्र नियम केले. जुलै २०१२ मध्ये चेन्नईच्या उपनगरात बसच्या तळाला पडलेल्या भोकातून एक लहान मुलगी रस्त्यावर पडून मरण पावली. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तमिळनाडूने त्याच वर्षी विशेष नियम आणले. त्या प्रत्येक अटीचा खर्च कोणी ना कोणी उचललाच. मुलांच्या फुप्फुसात जाणारा धूर हा त्या तळाच्या भोकाइतका चटकन दिसत नाही, एवढाच फरक.

अर्थात, नुसते अनुदान वाटून काय होते याचा धडाही समोर आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात २००८ मध्ये स्थापन झालेली ‘लायन इलेक्ट्रिक’ ही शाळेच्या विद्युत बस बनवणारी कंपनी. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यानुसार शाळांच्या स्वच्छ बससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरची तरतूद केली. त्या भरवशावर कंपनीने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे वर्षाला वीस हजार वाहनांची क्षमता योजलेला कारखाना उभारला. २०२३ मध्ये प्रत्यक्ष विक्री झाली ८५२ वाहनांची. अनुदानाचे पैसे हाती येण्यास विलंब होत गेला, कर्ज वाढले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागितले. २०२५ मध्ये क्विबेकच्याच गुंतवणूकदारांनी ती घेतली आणि काम मूळ गावच्या शाळेच्या बसपुरते आटोपशीर केले. मागणी कागदावर असून चालत नाही. ती वेळेवर आणि पेलवेल एवढ्या प्रमाणात हवी.

भारतात त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. पहिली, जिल्ह्यातील शाळांची मागणी राज्याने एकत्र करावी. शहर बससाठी २०२२ मध्ये केंद्राच्या सीईएसएलने पाच शहरांची ५,४५० बसची मागणी अशीच एकत्र केली होती. शाळांच्या निविदा मात्र लहान तुकड्यांत असाव्यात, म्हणजे लहान कारखानदारालाही त्यात उतरता येईल. दुसरी, मोबदला किलोमीटरवर नव्हे, तर दरमहा भाड्यावर ठरावा; दुपारी आणि सुट्टीत रिकामी राहणारी बस रुग्णालयांच्या वा कारखान्यांच्या पाळ्यांसाठी वापरता यावी. तिसरी, पहिल्या नमुन्याच्या चाचणीचा खर्च सरकारने विभागून घ्यावा. अटी मात्र सैल करू नयेत.

खासगी शाळांना सरकारी पैसा का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सुरुवात अनुदानित शाळांपासून व्हावी आणि मदतीबरोबर बसशुल्कावर मर्यादा यावी. पुणे, नाशिक वा डोंबिवलीतील पालकांनाही हा प्रश्न परका नाही. गल्ली तेवढीच अरुंद आहे आणि बस तितकीच धूर सोडते.

धोरण आज बस किती किलोमीटर धावते हे मोजते. तिच्यात कोण बसते, हेही त्याने मोजायला हवे. तसे झाले, तर मांबलमच्या गल्लीत सकाळी उभी राहणारी बस आवाज आणि धूर न करता मुलांची वाट पाहील, आणि ती बांधणारा कारखानाही कदाचित फार दूर नसेल.